परदेशातलं गाव निवडताना

नामपूरच्या मालाला परदेश नवा नाही. बागलाण तालुक्यातलं, मोसम नदीच्या काठचं हे मोठं बाजारगाव. वर हरणबारी धरण, त्याच्याही वर मुल्हेर-साल्हेरचे डोंगर, आणि खाली मालेगावला मोसम गिरणेला मिळते. नाशिक जिल्ह्याचा कांदा बांगलादेश, श्रीलंका, मलेशिया आणि आखातात जातो. बागलाणची अर्ली द्राक्षं रशियापर्यंत पोचली आहेत. दुबई-कोलंबोची नावं इथे भावाच्या गप्पांत सहज निघतात. दिल्लीतल्या एका अधिसूचनेनं काय होतं, हेही इथल्या घरांनी सोसलं आहे. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद झाली, ती ४ मे २०२४ ला खुली झाली. उघडली तीही ४० टक्के शुल्कासह. ते शुल्क पूर्णपणे जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. डाळिंबावर तेल्या, द्राक्षावर गारपीट आणि कांद्यावर निर्यातबंदी, असं पाहत वाढलेली पिढी शिकून बाहेर पडली तर त्यात नवल नाही.

ही पिढी आधी नाशिकला, मग पुण्याला गेली. अभियंते, परिचारिका, फार्मासिस्ट, संगणकावर काम करणारे. आता त्यांची तिशी उलटली आहे, घरात एक-दोन लहान मुलं आहेत आणि बायकोही नवऱ्याइतकीच शिकलेली आहे. परदेशी जायचा विषय घरात निघतो तेव्हा पहिला प्रश्न असतो तो देशाचा. कॅनडा की ऑस्ट्रेलिया? जर्मनी की दुबई? एजंटकडे गेलं की पॉइंट किती, आयईएलटीएसला बँड किती, फी किती, एवढ्यात बोलणं आटोपतं. मूल किती वर्षांचं आहे, हे अर्जातल्या एका रकान्यापुरतं विचारलं जातं.

मला वाटतं, विचाराची सुरुवात त्या रकान्यापासून व्हायला हवी. देश कोणता, हे बरंचसं व्हिसाचे नियम आणि हातातलं शिक्षण ठरवतं. पण त्या देशातलं गाव कोणतं आणि निघायचं कधी, या दोन गोष्टी घराच्या हातात असतात. मुलांचं पुढचं आयुष्य याच दोन गोष्टींवर उभं राहतं.

गाव दुसऱ्यानं ठरवलं तेव्हा

मराठी बोलणारी कुटुंबं लेकराबाळांसह कायमची परदेशी गेली, याचं एक मोठं उदाहरण बेने इस्रायलींचं आहे. रायगड जिल्ह्यातल्या अलिबाग, पेण, रेवदंड्याच्या परिसरात शतकानुशतकं राहिलेला हा मराठीभाषक ज्यू समाज. पूर्वी गावोगावी तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी काम बंद ठेवणारा, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. पुढे त्यांतले बरेच मुंबईत आले आणि रेल्वेत, कचेऱ्यांत, गिरण्यांत नोकरीला लागले. १९४८ साली इस्रायल स्थापन झाला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत समाजाचा मोठा भाग तिकडे गेला.

राहायचं कुठे, हे त्यांच्या हातात फारसं नव्हतं. नव्या राष्ट्राला वाळवंटी दक्षिण भाग वसवायचा होता. बोटीतून उतरलेल्या कुटुंबांना थेट नव्या वसाहतींमध्ये नेण्याचं धोरण होतं. दिमोना हे नेगेवच्या वाळवंटातलं गाव १९५५ मध्ये वसलं आणि अश्दोद १९५६ मध्ये. बेने इस्रायली कुटुंबं तिथे, तसंच बीरशेबा आणि लोद इथे विखुरली. मुंबईत कचेरीत बसणाऱ्यांच्या वाट्याला कापड कारखान्यातलं आणि बांधकामावरचं काम आलं. भाषा नवी, उन्हाळा कोरडा. त्यात आणखी एक अपमान होता. त्यांच्या लग्नसंबंधांबाबत तिथल्या धर्मपीठानं शंका घेतली. त्याविरुद्ध समाजानं जेरुसलेममध्ये धरणं धरलं आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेला ठराव करून सांगावं लागलं की बेने इस्रायली हे सर्वार्थानं ज्यू आहेत.

हा समाज टिकला, कारण पुष्कळ कुटुंबं एकाच गावात एकमेकांच्या जवळ राहिली. दिमोनात, अश्दोदमध्ये आणि लोदमध्ये प्रार्थनास्थळं उभी राहिली, क्रिकेटचे संघ झाले, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघालं. गाव लादलेलं होतं, तरी शेजार आपला होता. आज नामपूरहून जाणाऱ्या जोडप्याला गाव निवडायची मोकळीक आहे. शेजार मात्र आपोआप मिळत नाही, तो शोधून घ्यावा लागतो.

लेकराचं वय

अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात बॉल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत एक मोठा प्रयोग झाला. दाट गरिबीच्या वस्तीतल्या हजारो कुटुंबांपैकी काहींना, सोडतीनं, बऱ्या वस्तीत घर घ्यायला मदत मिळाली. पुढे अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मुलांची मोठेपणीची मिळकत तपासली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. तेरा वर्षांच्या आत नव्या वस्तीत गेलेल्या मुलांची विशी-पंचविशीतली कमाई, न गेलेल्यांपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी अधिक होती. तेरा वर्षांनंतर गेलेल्यांना असा फायदा दिसला नाही, उलट थोडं नुकसानच दिसलं. हा प्रयोग त्याच देशात वस्ती बदलण्याचा होता, परदेशी जाण्याचा नव्हता. तरी त्यातून दोन गोष्टी कळतात. देश तोच असला तरी वस्तीनं फरक पडतो. आणि तो फरक मुलाच्या वयावर अवलंबून असतो.

भाषेचंही तसंच. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी साडेसहा लाखांहून अधिक लोकांच्या इंग्रजी व्याकरणाची चाचणी घेऊन एक अभ्यास प्रसिद्ध केला. व्याकरण आत्मसात करण्याची ताकद सतरा-अठरा वर्षांपर्यंत चांगली राहते, पण जन्मजात बोलणाऱ्यासारखी भाषा यायची तर दहाएक वर्षांच्या आत सुरुवात झालेली बरी, असं त्यात दिसलं.

बागलाणातल्या शेतकऱ्याला हे वेगळ्या शब्दांत ठाऊक आहे. कांद्याचं सात-आठ आठवड्यांचं रोप लावलं की ते जीव धरतं. जून झालेलं रोप लावलं तर ते जगतं, पण कांदा भरत नाही.

म्हणून वयाचा हिशेब असा मांडावा. मूल तीन ते सात वर्षांचं असेल तर कोणत्याही भाषेच्या देशाचा विचार करता येतो. जर्मनसुद्धा ते बालवाडीतच उचलतं. आठ ते बारा वयात इंग्रजी चालणारा देश सोपा पडतो आणि तिथेही शाळेची चौकशी आधी करावी लागते. तेरा-चौदानंतर दहावी-बारावी इथेच करून मग काय ते ठरवणं पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं. नववीतल्या मुलाला मधेच उचलून नेलं की त्याच्या हातून इथली बोर्डाची परीक्षा जाते आणि तिथली भाषाही पुरती येत नाही.

नामपूरच्या मुलाकडे एक शिदोरी मात्र जमेची आहे. घरात आजीशी अहिराणी, शाळेत मराठी, दूरदर्शनवर हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी, अशा भाषांमध्ये ते रोज ये-जा करतं. बोली आणि प्रमाणभाषा वेगळी असते, हे त्याला सांगावं लागत नाही. परदेशी गेल्यावर घरातली अहिराणी-मराठी बंद करून तोडक्या इंग्रजीत बोलणं ही मोठी चूक ठरते. शाळेची भाषा शाळा देतेच, आजीची भाषा घरानंच द्यायची असते.

नियमच गावाकडे बोट दाखवतात

ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाचे नियम नीट वाचले तर ते देशाइतकंच गावाबद्दलही बोलतात. ऑस्ट्रेलियात कुशल कामगारांच्या गुणपद्धतीत किमान ६५ गुण लागतात. प्रत्यक्षात बोलावणं येतं ते बहुधा त्याहून वरच्या गुणांना. ४५ वर्षांखालच्यांनाच बोलावलं जातं. राज्यानं नामांकन दिलं की ५ गुण वाढतात. पण ४९१ क्रमांकाचा, प्रादेशिक भागात राहण्याच्या अटीचा व्हिसा घेतला तर १५ गुण मिळतात. हा व्हिसा पाच वर्षांचा असतो. तीन वर्षं तिथे राहून, काम करून, कर भरला की कायम निवासासाठी अर्ज करता येतो. नोव्हेंबर २०१९ पासून प्रादेशिक भागाची व्याख्या सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरं वगळून अशी आहे. म्हणजे पर्थ, अ‍ॅडलेड, कॅनबेरा, होबार्ट, जिलाँग ही चांगली मोठी शहरंही त्यात बसतात. लहान मुलाच्या घराला अ‍ॅडलेड हे सिडनीपेक्षा अनेकदा सोयीचं पडतं. घरभाडं तुलनेनं कमी आणि कामावर जाण्यायेण्याचा वेळ कमी, म्हणून आई किंवा बाबा संध्याकाळी घरी असतात. तिथलं शालेय वर्ष जानेवारीच्या शेवटी सुरू होतं. इथली वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये देऊन मूल तिकडे गेलं तर ते भर वर्षात वर्गात शिरतं. हा छोटा तपशील निघण्याचा महिना ठरवताना उपयोगी पडतो.

कॅनडात २०१५ पासून एक्स्प्रेस एंट्री ही गुणपद्धत आहे. एखाद्या प्रांतानं नामांकन दिलं की त्यात एकदम ६०० गुण मिळतात आणि निवड जवळजवळ निश्चित होते. २०१९ मध्ये कॅनडानं ग्रामीण आणि उत्तर भागासाठी वेगळी योजना सुरू केली. तिच्यात मॅनिटोबातलं ब्रँडन, ऑन्टारिओतली थंडर बे आणि सडबरी अशी ११ गावं-शहरं होती. गावं आपल्याला हवी ती कुटुंबं निवडत होती. अशा ठिकाणी शाळा जवळ असू शकते आणि घर तुलनेनं परवडतं. पण हिवाळा कडक असतो. विनिपेगला जानेवारीचं सरासरी तापमान उणे १६ अंशांच्या आसपास असतं. मोसम खोऱ्यात वाढलेल्या आईला एक वर्षाच्या बाळाला घेऊन पाच महिने घरात काढावे लागतील, याचा विचार अर्ज करतानाच व्हायला हवा. शिवाय कॅनडाचं दार आता पूर्वीइतकं उघडं नाही. २०२५ साठी ठरवलेलं पाच लाखांचं उद्दिष्ट ऑक्टोबर २०२४ मध्ये ३ लाख ९५ हजारांवर आणलं गेलं. कुणा ओळखीच्यानं पाच वर्षांपूर्वी सांगितलेला अनुभव आज लागू होईलच असं नाही.

स्टुटगार्टची वाट

जर्मनीचा विषय महाराष्ट्रात २०२४ पासून गावोगावी पोचला. राज्य शासनानं त्या वर्षी बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला आणि पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुणांना जर्मन शिकवून पाठवण्याचं जाहीर केलं. परिचारिका, वीजतंत्री, नळकाम करणारे, वाहनचालक अशी कामं त्यात होती. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईची भगिनी-शहर आहे.

लहान मुलांच्या घराला जर्मनीत काही गोष्टी भक्कम मिळतात. २०२५ मध्ये प्रत्येक मुलामागे दरमहा २५५ युरो बालभत्ता होता. वर्षापुढच्या बाळाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क २०१३ पासून आहे. अडचण अशी की मोठ्या शहरांत हक्क असूनही जागा मिळायला वेळ लागतो. लहान शहरात ती लवकर मिळू शकते. म्हणून नोकरी दोन ठिकाणी मिळत असेल तर पगाराबरोबर पाळणाघराची यादीही विचारावी. पाळणाघर मिळालं नाही की घरी बसते ती बहुधा आईच. नाशिकला नोकरी करणारी बाई तिकडे तीन वर्षं स्वयंपाकघरात अडकली, तर त्या घराचा हिशेब चुकला, असंच म्हणावं लागेल. बाईच्या पदवीची मान्यता, तिच्या भाषेच्या परीक्षा आणि तिच्या नोकरीची शक्यता या गोष्टी नवऱ्याच्या व्हिसाइतक्याच आधी तपासायच्या असतात.

शाळेबाबत एक गोष्ट फार कमी घरांना आधी कळते. बहुतेक जर्मन राज्यांत चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. कुणी विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियममध्ये जातं, कुणी कामधंद्याच्या शाळेकडे. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये हे सहावीनंतर होतं. तिसरीतलं मूल घेऊन स्टुटगार्टला उतरलात तर वर्षा-दीड वर्षात, नवी भाषा अर्धीमुर्धी असतानाच, त्याची वाट ठरायला लागते. पुढे वाट बदलता येते, पण ओढाताण होते. तेच मूल चार वर्षांचं असताना नेलं तर चौथीपर्यंत त्याची जर्मन पक्की झालेली असते. त्या भागात श्वेबिश बोली चालते, शाळेत प्रमाण जर्मन. अहिराणी-मराठीची सवय असलेल्या मुलाला हा फरक लवकर समजेल.

जवळचं आखात, दूरची अमेरिका

दुबई विमानानं मुंबईहून तीनेक तासांवर. तिथे भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत, त्यामुळे मुलाला परतणं सोपं जातं. मात्र शाळेची फी बहुधा घरानंच भरायची असते आणि बहुतेकांचा मुक्काम नोकरीला बांधलेला असतो. तिथे जन्मलेल्या मुलालाही नागरिकत्व मिळत नाही. आखातात जाणाऱ्या घरानं परतीचं वर्ष आधीच मनात धरावं. ज्यांना पाच-सात वर्षं कमावून घराचं कर्ज फेडायचं आहे, शेततळं करायचं आहे, त्यांच्यासाठी ही वाट चांगली आहे.

अमेरिकेत मराठी समाज जुना आणि संघटित आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे आणि त्याच्या मराठी शाळा अनेक शहरांत भरतात. पण ग्रीन कार्डात कोणत्याही एका देशाला वर्षाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्यानं भारतीयांची रांग दशकांची झाली आहे. लहानपणी गेलेलं मूल एकवीस वर्षांचं झालं की आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडू शकतं. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्कही लागलं. लहान लेकरांच्या घराला एवढी अनिश्चितता झेपेल का, हे ज्यानं त्यानं शांतपणे तपासावं.

सातबारा आणि आजी-आजोबा

शहरातल्या घरापेक्षा नामपूरच्या घराला एक प्रश्न जास्तीचा असतो तो जमिनीचा. परकीय चलन कायद्याच्या नियमांनुसार परदेशी राहणाऱ्या भारतीयाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली घेता येते, आधीची ठेवता येते, पण विकायची तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. २००५ मध्ये आलेलं ओसीआय कार्ड येण्याजाण्याची आणि राहण्याची सोय देतं, शेतजमीन विकत घेण्याचा हक्क देत नाही. त्यात महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच विकत घेता येते.

याचा अर्थ असा की निघण्याच्या गडबडीत भावाच्या नावे हक्कसोड करून दिली आणि सातबाऱ्यावरून नाव गेलं, तर पुढे परतून शेती घ्यायची म्हटली तरी दार बंद होऊ शकतं. म्हणून वाटणी, वारस नोंद, मुखत्यारपत्र, सोसायटीचं कर्ज हे सगळं निघण्याआधी वकिलासमोर, भावा-बहिणींसमोर, स्पष्ट करून ठेवावं. पाण्याची पाळी कोण धरणार, कांदा चाळीत कोण भरणार, बाजार समितीत माल कोण नेणार, हेही. बहिणीचा हिस्सा आहे हे मनमोकळेपणानं मान्य करून केलेली वाटणीच पुढे टिकते.

आणि आजी-आजोबा. ऑस्ट्रेलियात आईवडिलांच्या स्वस्त कायम व्हिसाची रांग तीस वर्षांच्या आसपासची आहे. कॅनडात सुपर व्हिसावर ते एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू शकतात, पण निदान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा काढावा लागतो. ब्रिटननं २०१२ पासून हा रस्ता जवळपास बंद केला आहे. म्हणजे ते कायमचे येतील, या आशेवर घर बांधू नये. दवाखाना कोण पाहणार, रात्री-बेरात्री मालेगावला किंवा नाशिकला कोण नेणार, हे नाव घेऊन ठरवायचं. वर्षातून एकदा मुलांना घेऊन येण्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरायचा. चार माणसांच्या विमानभाड्यामुळे जे गाव दरवर्षी घरी येऊ देत नाही, ते गाव महाग आहे, मग तिथला पगार कितीही असो.

बसून ठरवायचं

कागदपत्रं लवकर सुरू करावीत. मुलाचा जन्मदाखला, आईवडिलांचे पासपोर्ट आणि शाळेचे दाखले यांतल्या नावांची इंग्रजी स्पेलिंगं जुळवून घ्यावीत. आडनावातल्या एका अक्षरानं अर्ज महिनोन्‌महिने अडकतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा झाला आहे, त्यामुळे ती नोंद पहिल्यांदाच अचूक व्हायला हवी.

त्यानंतर नवरा, बायको आणि दोन्हींकडचे आईवडील यांनी एकत्र बसावं आणि लिहून काढावं. निघताना मुलाचं वय काय असेल? त्या गावात शाळेची भाषा कोणती आणि शाळेत वाटा कधी फुटतात? बाईला तिच्या शिक्षणाचं काम मिळेल का, किती महिन्यांत? पाळणाघर, दवाखाना आणि मराठी बोलणारी दोन-चार घरं किती अंतरावर? घरी यायला किती पैसे आणि किती दिवस लागतील? जमिनीचं काय? ज्या गावाची उत्तरं मिळतात, ते गाव निवडावं. उत्तरं मिळत नसतील तर एकानं आधी जाऊन सहा महिने राहून पाहावं आणि मग घर हलवावं. मुलं मागे राहिली तरी सहा महिन्यांत त्यांचं काही बिघडत नाही. चुकीच्या गावात गेलेली तीन वर्षं मात्र त्यांना परत मिळत नाहीत.

आणि एक तारीख दोघांनी मिळून ठरवावी. थोरलं मूल अकरा वर्षांचं होईल तेव्हा पुन्हा असंच बसायचं आणि विचारायचं की इथेच राहायचं की परतायचं. त्या वयात परतलेलं मूल नामपूरच्या, नाशिकच्या किंवा पुण्याच्या शाळेत दोन वर्षांत रुळतं आणि राहिलेलंही पुढच्या शिक्षणाला तिथेच भिडतं. त्यापुढे ढकललेला निर्णय मुलाच्या हातून जातो आणि आईबापांच्या मनाला लागून राहतो. परदेशी जाणं ही या खोऱ्यातल्या घरांची गरज आहे आणि हक्कही आहे. मुलांना घेऊन जाताना मुलांचं वय आपल्या घाईपुढे ठेवावं, एवढंच आईबापांना कळकळीनं सांगावंसं वाटतं.